घरचा पहिला सर्व्हर: वीज आली की आपला आपण उठणारा

घरचा सर्व्हर म्हणजे दिवसरात्र चालू राहून घरच्यांना सिनेमे, फोटो आणि खेळ पुरवणारा संगणक. वीज गेली, तासाभराने परत आली. घरात त्या वेळी जे कुणी होतं त्यांना संगणकातलं काहीच कळत नाही. तरी टीव्हीवर सिनेमा लागला, फोनमधले फोटो वर चढू लागले आणि मुलांचं माइनक्राफ्टचं जग जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं, तर सर्व्हर नीट लागला म्हणायचा. इंटरनेटवरच्या बहुतेक याद्या प्रोसेसरपासून सुरू होतात. आपल्याकडे मात्र पहिल्या सर्व्हरला खरा त्रास होतो तो विजेचा, डिस्कचा आणि केबलचा. म्हणून इथे भर त्यावरच आहे.

यंत्र

नवं यंत्र घ्यायची गरज नाही. कंपन्यांनी लीजवर वापरून सोडलेले डेल ऑप्टिप्लेक्स, लेनोवो थिंकसेंटर, एचपी एलिटडेस्क लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन सहज मिळतात. त्यात इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर बघा. आय५-८५०० मध्ये सहा कोअर आहेत आणि त्यातलंच ग्राफिक्स १० बिट एचईव्हीसी या आवळलेल्या प्रकारातला व्हिडिओ उलगडतं आणि बांधतंही. एव्ही१ हा त्याहून नवा प्रकार मात्र त्याला हार्डवेअरवर जमत नाही. ते उलगडणं हवं असेल तर २०२३ मध्ये आलेला एन१०० घ्या: चार कोअर, कागदोपत्री ६ वॉट, आणि एका घराच्या सिनेमांना भरपूर. प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल, जसं आय५-९४००एफ, तर त्यात ग्राफिक्सच नसतं. मीडिया सर्व्हरसाठी तो घेऊ नका.

खोक्याचा आकार प्रोसेसरपेक्षा महत्त्वाचा. तळहाताएवढे 'टायनी' किंवा 'मायक्रो' प्रकार दिसायला छान, पण त्यांत फक्त अडीच इंची डिस्क बसते. मग लोक बाहेरून यूएसबीच्या डिस्क लटकवतात आणि त्रास तिथून सुरू होतो. स्वस्त यूएसबी खोक्यातली चिप ताण आला की मधूनच डिस्क सोडते, परत पकडते, आणि तेवढ्यात लिहिणं चालू असेल तर फाइलसिस्टिम बिघडते. बॅकअप घेऊन लगेच काढून ठेवायच्या डिस्कला यूएसबी ठीक आहे, दिवसरात्र चालणाऱ्या डिस्कला नाही. साडेतीन इंची डिस्क आत बसेल असं स्मॉल फॉर्म फॅक्टर किंवा टॉवर मॉडेल घ्या. घेण्याआधी झाकण उघडायला लावा आणि स्वतः मोजा: डिस्कच्या जागा किती, साटाच्या (डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या) केबल किती, आणि पॉवर सप्लायपासून डिस्कपर्यंत येणारी तोंडं किती. तिन्ही आकडे पुष्कळदा वेगवेगळे निघतात.

रॅम १६ जीबी. ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेससाठी ५०० जीबीची एसएसडी. जुन्या यंत्रातला नाण्याएवढा सीआर२०३२ सेल आल्याआल्या बदला. तो मेलेला असला की वीज गेल्यावर बायोसच्या (यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग पुसल्या जातात आणि घड्याळ मागे जातं. घड्याळ चुकलं की सुरक्षित वेबसाइटची प्रमाणपत्रं नाकारली जातात, आणि दोष शोधताना माणूस भलतीकडेच हात घालत बसतो.

विजेचा हिशोब आधी करा. सर्व्हर सरासरी २५ वॉट खात असेल तर महिन्याला १८ युनिट. माळ्यावरचा जुना गेमिंग पीसी सर्व्हर म्हणून लावला आणि तो ८० वॉट खात राहिला तर महिन्याला ५७ युनिटच्या पुढे. महावितरणचा घरगुती दर स्लॅबने चढतो, त्यामुळे हे जादा युनिट तुमच्या बिलातल्या सगळ्यात महागड्या स्लॅबमध्येच पडतात. जुना पीसी फुकटात पडला असं वाटतं, पण दोन वर्षांच्या बिलात छोट्या यंत्राची बरीचशी किंमत वसूल झालेली असते. फिरती साडेतीन इंची डिस्क नुसती फिरत राहायला चार-पाच वॉट घेते. म्हणून दोन-दोन टीबीच्या चार डिस्कपेक्षा आठ टीबीची एक बरी.

डिस्क

डिस्कच्या पाकिटावर लिहिलेले ४ टीबी संगणकात ३.६४ दिसतात. फसवणूक नाही, मोजायची रीत वेगळी. कॅपॅसिटी ठरवताना आधी फोटो मोजा: एक फोटो तीन-चार एमबी धरला तर ५०,००० फोटो म्हणजे २०० जीबीच्या आसपास. फोनवरचा फोर-के व्हिडिओ मिनिटाला दीडशे-दोनशे एमबी खातो. घरातल्या चौघांचं दहा वर्षांचं सगळं धरूनही बहुतेक कुटुंबं दीड-दोन टीबीच्या पुढे जात नाहीत. उरलेली जागा सिनेमांची, आणि सिनेमे परत मिळतात.

विकत घेताना डिस्क सीएमआर आहे की एसएमआर हे विचारा. सीएमआरमध्ये लिखाणाचे पट्टे शेजारी-शेजारी असतात, एसएमआरमध्ये कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. एक कौल बदलायला शेजारची उचलावी लागतात, म्हणून लांबलचक लिखाण आलं की डिस्क रांगायला लागते. एकदाच लिहून नुसते वाचायचे सिनेमे तिच्यावर चालतील, अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या रेड (RAID) किंवा झेडएफएससाठी ती नकोच. वेस्टर्न डिजिटलच्या साध्या 'रेड' (Red) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये बाहेर आलं. त्यानंतर सीएमआरसाठी 'रेड प्लस' असं वेगळं नाव आलं. सीगेटची आयर्नवुल्फ सीएमआर आहे, स्वस्त बाराकुडा ४ आणि ८ टीबीला एसएमआर आहे.

नवी डिस्क आली की त्यात लगेच फोटो भरू नका. आधी डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएल या आज्ञेने लांब चाचणी लावा. ४ टीबीला आठ-दहा तास जातात. चाचणीनंतर खराब जागा मोजणाऱ्या ५, १९७ आणि १९८ या तीन ओळी शून्य हव्यात. त्यातली एक जरी चढली असेल तर डिस्क परत करा, वाद घालू नका. १९९ चढत असेल तर मात्र सहसा डिस्क चांगली असते, साटाची केबल खराब असते. ओळ ९ मध्ये डिस्क किती तास चालली ते दिसतं, पण हे तास पुसता येतात. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क तास शून्य करून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. सीगेटच्या डिस्कमध्ये 'फार्म' नावाची वेगळी नोंद असते आणि स्मार्टसीटीएलची ७.४ पासूनची आवृत्ती ती वाचते. दोन्ही आकडे जुळतात का ते बघा.

दोन डिस्क असतील तर बहुतेक जण त्या एकमेकींचा आरसा करतात, म्हणजे रेड-१. पहिल्या सर्व्हरसाठी माझा सल्ला उलटा आहे. आरशात चुकून उडवलेला फोटो दोन्हीकडून त्याच क्षणी उडतो. त्यापेक्षा एका डिस्कवर रोजचं काम ठेवा आणि दुसरीवर रोज रात्री रेस्टिक या बॅकअपच्या साधनाने प्रत घ्या. रेस्टिक फक्त बदललेला भाग साठवतं आणि मागच्या तारखांच्या प्रती जपतं. म्हणजे मंगळवारी उडवलेला अल्बम शनिवारी कळला तरी सोमवारची प्रत असते. डिस्क मेली तर सर्व्हर अर्धा दिवस बंद राहील, इतकंच. घरात एवढं चालतं.

वीज, अर्थिंग, ऊन

बायोसमध्ये 'एसी रिकव्हरी' किंवा तशाच नावाची सेटिंग असते. ती 'पॉवर ऑन'वर ठेवा. घराला इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर 'यूपीएस' आणि 'इको' असा खटका असतो का बघा. इको मोडला बॅटरीवर जायला वेळ लागतो आणि तेवढ्या झटक्यात संगणक रीस्टार्ट होतो. यूपीएस मोडवर सहसा होत नाही. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. त्यात १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची एक बॅटरी असते, म्हणजे ८४ वॉट-तास. प्रत्यक्षात त्याच्या निम्मे धरा, ३० वॉटच्या सर्व्हरला तास-सव्वा तास निघतो. दोन-तीन वर्षांनी ही बॅटरी बदलावीच लागते. वायफाय राउटरला १२ व्होल्टचा छोटा वेगळा डीसी यूपीएस लावा.

यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर नट नावाच्या सॉफ्टवेअरने बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर रीतसर बंद करता येतो. इथे एक सापळा आहे. बॅटरी संपत आली, नटने सर्व्हर बंद केला, आणि यूपीएस पुरता मरायच्या आत वीज परत आली. सर्व्हरच्या दृष्टीने वीज गेलीच नव्हती, म्हणून बायोसची ती सेटिंग काही करत नाही आणि यंत्र तसंच झोपून राहतं. उपाय नटमध्येच आहे: सर्व्हर बंद करताना शेवटी यूपीएसलाही 'आता आउटपुट तोड' असा हुकूम द्यायचा. मग वीज आल्यावर यूपीएस आउटपुट परत जोडतो आणि सर्व्हर उठतो. तुमचा यूपीएस हा हुकूम मानतो का, हे प्रत्यक्ष करून बघितल्याशिवाय कळत नाही.

खोक्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. मल्टिमीटरवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. पावसाळ्यात वीज पडते ती फक्त प्लगमधून आत येत नाही. केबलवाल्याचा स्विच गच्चीवर असेल आणि तिथून तांब्याची वायर घरात उतरत असेल तर तीच वायर राउटर आणि सर्व्हरचं नेटवर्क पोर्ट जाळते. फायबर थेट घरापर्यंत येत असेल तर काचेतून हा धोका येत नाही. पर्याय असेल तर फायबरच घ्या.

टीव्हीच्या युनिटमध्ये, काचेच्या दारामागे सर्व्हर कोंबू नका. डिस्कचं तापमान ४५ अंशांच्या आत असावं. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते, तेव्हा डिस्कसमोर १२० मिलिमीटरचा एक सावकाश फिरणारा पंखा हवाच. कोकणात आणि गोव्यात उन्हापेक्षा खारी दमट हवा वाईट, तिथे वर्षातून एकदा रॅम आणि साटाची टोकं काढून पुसा.

वायर

सर्व्हर राउटरला वायरनेच जोडा. गिगाबिट लिंकवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे एक टीबी अडीच तासांत. लिंक १०० मेगाबिटवर अडकली तर तेच काम २५ तासांचं. अडकायची कारणं नेहमीची: राउटरचे पोर्टच १०० मेगाबिटचे, किंवा वायर टाकणाऱ्याने आठपैकी चारच तारा क्रिंप केलेल्या. गिगाबिटला आठही तारा लागतात. सर्व्हरवर एथटूल ही आज्ञा चालवून 'स्पीड'च्या ओळीत १००० दिसतंय का बघा. बाजारातल्या स्वस्त कॅट-६ नेटवर्क वायरमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं आणि ती कोपऱ्यात वाकवली की तुटते. टोक चाकूने खरवडा: आत पांढरी धातू दिसली तर परत करा.

सिस्टिम, आणि रिकाम्या फोल्डरचा सापळा

ट्रूनॅस, अनरेड, ओपनमीडियाव्हॉल्ट हे सर्व्हरसाठीच्या तयार सिस्टिमचे सगळे पर्याय चांगले आहेत. तरी डेबियन १३ ही लिनक्स सिस्टिम आणि त्यावर प्रत्येक सेवा वेगळ्या डब्यात चालवणारं डॉकर, एवढंच शिकायचं ठरवलं तर ते ज्ञान पुढे कुठेही उपयोगी पडतं. इन्स्टॉल करताना डेस्कटॉप निवडू नका, एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याची सोय) निवडा. प्रत्येक सेवेसाठी एक फोल्डर, त्यात ती कशी चालवायची ते डॉकरला सांगणारी कंपोज फाइल, आणि ही सगळी फोल्डर एकाच जागी. म्हणजे एसएसडी मेली तरी तेवढी एक जागा परत आणली की सर्व्हर पुन्हा उभा राहतो. कंपोजमध्ये 'रीस्टार्ट: अनलेस-स्टॉप्ड' लिहायला विसरलात तर वीज आल्यावर ती सेवा उठणार नाही. डॉकरच्या लॉगला (नोंदींच्या फाइलला) आपोआप मर्यादा नसते. १० एमबीच्या तीन फाइल अशी मर्यादा स्वतः घाला, नाहीतर कधीतरी एसएसडी भरते आणि सगळंच थांबतं.

मोठी डिस्क एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे बसवायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) यूयूआयडीने, म्हणजे तिच्या ओळख क्रमांकाने जोडा, एसडीए-एसडीबी नावाने नाही. केबल बदलली की ती नावं बदलतात. सोबत 'नोफेल' लिहा, म्हणजे डिस्क सापडली नाही तरी सर्व्हर बूट होईल आणि तुम्हाला दुरून आत शिरता येईल.

पण नोफेलमुळेच पुढचा घोळ होतो. तो नीट समजून घ्या, कारण बहुतेक नवे सर्व्हर इथेच अडखळतात. लिनक्समध्ये डिस्क एखाद्या रिकाम्या फोल्डरवर बसते. समजा त्याचं नाव 'डेटा'. वीज आली, डिस्क फिरायला उशीर झाला किंवा केबल सैल होती, डिस्क बसलीच नाही. फोल्डर मात्र जागेवर आहे, एसएसडीवर, रिकामं. डॉकर सुरू होतं, त्याला 'डेटा' सापडतं, आणि त्यावरच्या सेवा त्यात लिहायला लागतात. लॅपटॉपवरून टाकलेल्या फाइलही तिथेच पडतात. संध्याकाळपर्यंत एसएसडी भरते. मग कुणीतरी रीस्टार्ट करतं, डिस्क नीट बसते आणि दिवसभरात आलेलं सगळं 'नाहीसं' होतं. खरं तर ते डिस्कच्या खाली, त्याच फोल्डरमध्ये दडलेलं असतं.

यावर दोन कुलपं लावा. पहिलं: डिस्क काढलेली असताना, रिकाम्या 'डेटा' फोल्डरवर सीएचॲटर आज्ञेने 'आय' हा गुणधर्म लावा. मग त्या फोल्डरमध्ये रूटलासुद्धा, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही, काही लिहिता येत नाही. डिस्क बसली की तिची स्वतःची फाइलसिस्टिम वर येते आणि लिखाण नेहमीसारखं चालतं. दुसरं: सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीमधल्या डॉकरच्या फाइलमध्ये 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' ही ओळ घालून त्यापुढे 'डेटा'चा मार्ग द्या. डिस्क येईपर्यंत डॉकर थांबतं, आणि आली नाही तर सुरूच होत नाही. सर्व्हर बंद दिसला तर घरचे तुम्हाला लगेच फोन करतील. अर्धवट चालू दिसला तर आठवडाभर कुणाला कळणार नाही.

परवानग्यांचं थोडक्यात: डिस्कवरच्या सगळ्या फाइल एकाच वापरकर्त्याच्या नावावर ठेवा, सहसा क्रमांक १०००, आणि सेवांनाही तोच क्रमांक द्या. पहिल्या महिन्यातल्या 'परमिशन डिनाइड'च्या बहुतेक तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

फोटो

इमिच हे फोटोंसाठी आज सगळ्यात चांगलं मोफत साधन आहे. त्याचा डेटाबेस पोस्टग्रेस आहे. तो एसएसडीवरच ठेवा, नेटवर्क शेअरवर किंवा एक्सफॅट डिस्कवर कधीच नाही. मूळ फोटो मोठ्या डिस्कवर. छोट्या प्रतिमांसाठी फोटोंच्या १० ते २० टक्के जागा आणखी धरा. पहिल्यांदा सगळे फोटो चढवले की चेहरे ओळखण्याचं काम एन१०० वर दिवसचे दिवस चालतं आणि यंत्र गरम होतं. ते नेहमीचं आहे, चालू द्या.

शोधात 'समुद्र' टाइप केलं आणि काहीतरी भलतं-सलतं आलं तर मूळचं मॉडेल इंग्रजीपुरतं आहे हे कारण. सेटिंगमध्ये बहुभाषी मॉडेल निवडा. एनएलएलबी या अनेक भाषांच्या मॉडेलवर आधारलेल्या मॉडेलना मराठी येतं. मॉडेल बदलल्यावर स्मार्ट सर्चचं काम सगळ्या फोटोंवर पुन्हा चालवावं लागतं, नाहीतर शोध काहीच देत नाही.

अँड्रॉइड फोनवर ॲपसाठी बॅटरी बचत बंद करा, नाहीतर फोन दोन दिवसांनी बॅकअप गुपचूप थांबवतो. आणि ॲप, सर्व्हर दोन्ही एका वेळी अपडेट करा. आपोआप अपडेट करणारं काहीही लावू नका: इमिचच्या नव्या आवृत्तीबरोबरची टीप वाचायची, डेटाबेसची प्रत असल्याची खात्री करायची, मग अपडेट.

सिनेमे, आणि कपाटातल्या नाटकांच्या व्हीसीडी

टीव्हीवर सिनेमे पोचवायला जेलिफिन हे सॉफ्टवेअर. सिनेमाच्या फोल्डरला नाव आणि कंसात वर्ष द्या, नाहीतर दुसऱ्याच सिनेमाचं पोस्टर चिकटतं. टीव्हीला जो प्रकार कळतो तो जेलिफिन तसाच पाठवतं आणि प्रोसेसरला काम पडत नाही. काम पडतं ते तीन वेळा: टीव्हीला कोडेक (व्हिडिओ आवळायची पद्धत) कळला नाही, आवाज डीटीएस प्रकारातला आहे, किंवा सबटायटल चित्राच्या स्वरूपातलं आहे. डीटीएसला फक्त आवाज बदलावा लागतो. चित्ररूपी सबटायटल मात्र प्रत्येक फ्रेमवर छापावं लागतं, म्हणजे पूर्ण व्हिडिओ नव्याने बांधणं. सिनेमा अडखळतोय असं कुणी म्हणालं की आधी सबटायटल बंद करून बघा.

हार्डवेअरवर बांधणी चालावी म्हणून डॉकरला ग्राफिक्सचं 'डीआरआय' हे उपकरण आणि 'रेंडर' गटाचा क्रमांक द्यावा लागतो. हा क्रमांक प्रत्येक सिस्टिमवर वेगळा असतो, दुसऱ्याच्या फाइलमधून उचलू नका. डेबियनवर इंटेल ग्राफिक्सचं फर्मवेअर पॅकेज आहे का तेही तपासा. खात्री करायला सिनेमा लावून दर्जा मुद्दाम कमी करा आणि इंटेल जीपीयू टॉप चालवा. 'व्हिडिओ'चा पट्टा हलला आणि प्रोसेसर शांत राहिला तर जमलं.

मराठी सबटायटलच्या दोन अडचणी. जुन्या फाइल युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतात, त्या पडद्यावर निरर्थक अक्षरं दाखवतात. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून यूटीएफ-८ म्हणून साठवा. दुसरी: अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नाही. नोटो सान्स देवनागरी एका फोल्डरमध्ये टाका आणि जेलिफिनच्या सेटिंगमध्ये पर्यायी फॉन्टसाठी ते फोल्डर दाखवा.

आता व्हीसीडी. कित्येक घरांत मराठी नाटकांच्या व्हीसीडी कपाटात पडून आहेत आणि त्यातली काही नाटकं दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत. या तबकड्या बुरशी आणि ओरखड्यांनी दरवर्षी थोड्या-थोड्या मरत असतात. सर्व्हरवर सगळ्यात आधी काही चढवायचं तर हे. तबकडीतली 'डॅट' फाइल लिनक्सवर साध्या कॉपीने घ्यायला गेलात तर इनपुट-आउटपुट एरर येते आणि तबकडी गेली असं वाटतं. ती गेलेली नसते. व्हीसीडीचा व्हिडिओ वेगळ्या प्रकारच्या सेक्टरमध्ये लिहिलेला असतो, त्यात चुका दुरुस्त करणाऱ्या जागेतही व्हिडिओच भरलेला असतो. डेबियनच्या व्हीसीडीइमेजर पॅकेजमधलं व्हीसीडीएक्सरिप ते बरोबर वाचतं आणि सरळ एमपीईजी फाइल देतं. चित्र ३५२ गुणिले २८८ चं, मोठ्या टीव्हीवर धूसर दिसणारच. धारदार करण्याच्या नादात मूळ फाइल पुसू नका. दोन-तीन तबकड्यांचं नाटक असेल तर एकाच फोल्डरमध्ये एकाच नावापुढे 'पार्ट१', 'पार्ट२' रोमन लिपीत लिहा, जेलिफिन ते सलग दाखवतं. नाटकांसाठी लायब्ररीचा प्रकार 'होम व्हिडिओ' ठेवा, कारण सिनेमांच्या यादीत ती सापडत नाहीत आणि चुकीची माहिती जोडली जाते.

खेळ

छोट्या सर्व्हरवर दोन कामं होतात: खेळाचा सर्व्हर चालवणं, आणि गेमिंग पीसीला जागं करणं. भारी खेळ त्याच्यावर चालत नाहीत, त्याला ग्राफिक्स कार्ड लागतं.

माइनक्राफ्टला पाच-सहा मुलांसाठी ४ जीबी रॅम पुरते. सर्व्हर म्हणून 'पेपर' हे सॉफ्टवेअर वापरा. १.२०.५ पासून किमान जावा २१ लागतो. संगणकावरची जावा आवृत्ती आणि फोनवरची बेडरॉक एकमेकांत खेळत नाहीत. गायझर हे प्लगइन टाकलं की फोनवाली भावंडंही त्याच जगात येतात. जावाचा पोर्ट २५५६५, बेडरॉकचा १९१३२ आणि तो यूडीपी आहे. हे विसरलं की फोन जोडलाच जात नाही. खेळ अडखळला तर रॅम वाढवू नका. जगाचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं, म्हणून सिम्युलेशन अंतर (खेळाडूभोवतीचं किती जग चालू ठेवायचं ते) १० वरून ६ वर आणा. व्हाइटलिस्ट (ठरलेल्या खेळाडूंनाच प्रवेश) पहिल्याच दिवशी चालू करा. जगाची प्रत घेण्याआधी 'सेव्ह-ऑफ' आणि 'सेव्ह-ऑल' द्या, प्रत झाली की 'सेव्ह-ऑन'. तसं न करता घेतलेल्या प्रतीत नकाशाचा तुकडा अर्धा जुना, अर्धा नवा येऊ शकतो.

आतल्या खोलीतला गेमिंग पीसी हॉलच्या टीव्हीवर खेळायचा तर पीसीवर चित्र पाठवणारं सनशाइन आणि टीव्हीवर ते दाखवणारं मूनलाइट टाका. १०८०पी ६० फ्रेमला २० मेगाबिट पुरतात. पीसी वायरवर हवा, टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर चालेल. मॉनिटर बंद असला की काही पीसी चित्रच पाठवत नाहीत, तेव्हा एचडीएमआयचा डमी प्लग लावा. पीसीला दुरून उठवायला वेक-ऑन-लॅन लागतं, त्यासाठी विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. उठवण्याचा संदेश घराच्या नेटवर्कपुरताच फिरतो, बाहेरून टेलस्केलवरून (आपल्या उपकरणांना जोडणाऱ्या खाजगी जाळ्यावरून) पाठवला तर पोचत नाही. म्हणून बाहेरून आधी सर्व्हरमध्ये शिरायचं आणि सर्व्हरला तो संदेश पाठवायला सांगायचं.

बाहेरून पोचणं

राउटरवर आयपीव्ही४ पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या (एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याच्या व्यवस्थेच्या) मागे आहात आणि पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे राउटरमधून आत येणारी वाट उघडणं, कितीही वेळा केलं तरी चालणार नाही. तसंही पोर्ट उघडायची गरज नाही. टेलस्केल सर्व्हरवर आणि घरच्यांच्या फोनवर टाका, पुण्यातला सर्व्हर न्यू जर्सीतल्या मुलीच्या फोनवरही तसाच दिसतो. यूएफडब्ल्यू फायरवॉल लावून निर्धास्त होऊ नका: डॉकरने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातात. राउटरवर आयपीव्ही६ चालू असेल तर बाहेरून येणारी जोडणी तिथे अडवली जाते का, हे मोबाइल डेटावरून जोडून तपासा.

प्रत, आणि प्लग ओढणं

फोटोंची नुसती फोल्डर जपली तर फोटो वाचतात, पण अल्बम आणि चेहऱ्यांची नावं जातात, कारण ती डेटाबेसमध्ये असतात. इमिच रोज रात्री २ वाजता डेटाबेसची प्रत स्वतःच काढून 'बॅकअप्स' फोल्डरमध्ये ठेवतं. रेस्टिक त्यानंतर, तीनच्या सुमारास लावा आणि ते फोल्डर त्यात आहे ना ते बघा. तिसरी प्रत महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या घरी: भावाकडे, सासरी, गावच्या घरी. रेस्टिक सगळं कुलूपबंद करून ठेवतं, त्यामुळे डिस्क हरवली तरी फोटो कुणाच्या हाती लागत नाहीत. पण पासवर्ड हरवला तर तुमच्याही हाती लागणार नाहीत. तो कागदावर लिहा आणि घरच्या कागदपत्रांत ठेवा. तीन महिन्यांतून एकदा त्या डिस्कवरून जुन्यातले जुने दहा फोटो परत काढून उघडून बघा.

शेवटी प्लग. सगळं लागलं, प्रत झाली, की चालू सर्व्हरचा प्लग भिंतीतून ओढा. यूपीएस असेल तर यूपीएसचा ओढा आणि बॅटरी संपू द्या. पाच मिनिटांनी परत लावा आणि कशालाही हात न लावता दहा मिनिटं थांबा. मग क्रमाने बघा: घड्याळ बरोबर आहे का, मोठी डिस्क बसली का, डॉकरच्या सगळ्या सेवा उठल्या का, मोबाइल डेटावरून टेलस्केलने पोचता येतं का, टीव्हीवर सिनेमा लागतो का. हेच दुसऱ्यांदा करा, पण या वेळी सर्व्हर बंद असताना मोठ्या डिस्कची साटा केबल काढून मग प्लग लावा. आता डॉकर बंद राहिलं पाहिजे आणि 'डेटा' फोल्डर रिकामं राहिलं पाहिजे. केबल परत जोडून पुन्हा सुरू केलं की सगळं आलं पाहिजे. तिसऱ्यांदा यूपीएसची बॅटरी संपत आली, की नटने सर्व्हर बंद केल्या-केल्या लगेच वीज परत द्या आणि यंत्र उठतंय का बघा. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी शेजारी बसवून हे करा, म्हणजे कोणता दिवा लागायला हवा हे त्यांनाही माहीत होईल.